चेसिंग आइस : बर्फाची साक्ष आणि तिची पारख

भूगोलाच्या पुस्तकात ग्रीनलंड हा नकाशाच्या माथ्यावरचा एक पांढरा तुकडा असतो. जगातले सर्वांत मोठे बेट, बहुतेक भाग बर्फाच्छादित, एवढे एक-दोन वाक्यांत सांगून आपण पुढच्या पाठाकडे वळतो. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे ध्रुवाकडचे बर्फ वितळते आहे, हे वाक्यही आता मुलांना पाठ असते. पण ते वितळताना कोणी पाहिले? कसे पाहिले? असे एखाद्या चौकस मुलीने विचारले, तर आपल्याजवळ दाखवायला काय आहे?

या प्रश्नाला थेट भिडणारा माहितीपट म्हणजे ‘चेसिंग आइस’. अमेरिकन दिग्दर्शक जेफ ऑर्लोव्स्की यांचा हा सुमारे सव्वा तासाचा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याच्या छायाचित्रणाला पुरस्कार मिळाला. त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला असला तरी या विषयावर वर्गात दाखवण्याजोगे जे साहित्य आहे, त्यात तो आजही वरच्या रांगेत बसतो. म्हणूनच त्याचे परीक्षण करताना चित्रपट चांगला की वाईट, एवढे सांगून भागणार नाही. बर्फ वितळत असल्याची आपण डोळ्यांनी पाहिलेली साक्ष देत आहोत, असा या चित्रपटाचा दावा आहे. मग कोणत्याही साक्षीदाराला विचारतो तेच त्यालाही विचारले पाहिजे : तू नेमके काय पाहिलेस, आणि त्यावरून काय सिद्ध होते?

चित्रपटात काय आहे?

चित्रपटाचे नायक जेम्स बेलॉग हे निसर्गाची छायाचित्रे काढणारे नामवंत छायाचित्रकार. भूरूपशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही त्यांनी घेतले आहे. माणसाच्या उद्योगांमुळे सगळ्या पृथ्वीचे हवामान बदलू शकेल, हे एके काळी आपल्यालाही पटत नव्हते, असे ते मोकळेपणाने सांगतात. पुढे हिमनद्यांची छायाचित्रे काढताना त्यांच्या लक्षात आले की एकाच जागी काही महिन्यांनी परत गेले तर बर्फाचे तोंड मागे सरकलेले असते. तेव्हा एकेक सुंदर छायाचित्र काढून उपयोग नाही. एकाच जागेवरून, वर्षानुवर्षे, ठरावीक वेळाने छायाचित्रे घेतली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. २००७ साली ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ हा उपक्रम त्यांनी सुरू केला. ग्रीनलंड, आइसलँड, अलास्का आणि अमेरिकेतील मोंटाना येथल्या हिमनद्यांसमोर खडकांवर कॅमेरे पक्के बसवण्यात आले. सौर पट्टीवर चालणारा प्रत्येक कॅमेरा उजेड असेपर्यंत साधारण तासाला एक छायाचित्र टिपणार, अशी योजना होती.

पहिल्या हंगामानंतर कॅमेरे तपासले तेव्हा अनेक बंद पडलेले आढळले. कॅमेरा ठरावीक वेळी चालू करणारे यंत्रच थंडीवाऱ्यात दगा देत होते. ते बदलून सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. चित्रपटातला हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. विज्ञानावरच्या चित्रपटांत शोध लागतात, उपकरणे कधी बिघडत नाहीत. प्रयोगशाळेत हात पोळलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे की खरे काम असे चालत नाही. दिग्दर्शकाने हे अपयश झाकले नाही, याबद्दल त्याला गुण दिले पाहिजेत.

चित्रपटाचा कळस मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसात गावाजवळ ‘सेर्मेक कुयाल्लेक’ नावाची हिमनदी समुद्राला मिळते. पाश्चात्त्य ग्रंथांत तिला याकोब्सहाव्न असेही म्हणतात. तिच्यासमोर दोघे जण कित्येक दिवस तंबू ठोकून बसले होते. त्यांपैकी एक स्वतः ऑर्लोव्स्की. २८ मे २००८ रोजी हिमनदीचे तोंड तुटू लागले आणि सव्वा तास तुटतच राहिले. शेकडो मीटर उंचीचे बर्फाचे कडे पाण्यातून वर उसळतात, कलंडतात, उलटे होतात. एकूण ७.४ घन किलोमीटर बर्फ सुटे झाले. चित्रीकरण झालेली ही सर्वांत मोठी अशी घटना म्हणून ती प्रसिद्ध आहे. हे दृश्य पाहताना अंगावर काटा येतो, यात शंका नाही.

सर्वांत भव्य दृश्य, सर्वांत दुबळा पुरावा

आता साक्षीदाराची उलटतपासणी सुरू करू या. समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचे तोंड तुटून हिमनग सुटे होणे याला इंग्रजीत गाय विण्याच्या क्रियेवरून ‘काल्व्हिंग’ असा शब्द आहे. गाय विणे हे काही आजाराचे लक्षण नव्हे, तसेच हिमनदीचे तोंड तुटणे हेही नव्हे. ग्रीनलंडवर दर वर्षी हिम पडते, दाबले जाऊन त्याचे बर्फ होते, ते स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकते आणि किनाऱ्याशी येऊन तुटते. हजारो वर्षे हे चालू आहे. ‘इलुलिसात’ या गावाच्या नावाचा अर्थच मुळी ‘हिमनग’ असा आहे. पृथ्वी तापू लागण्यापूर्वीही तिथे हिमनग होते, म्हणून तर गावाला ते नाव पडले.

शिवाय हिमनदीचे तोंड ऋतूंप्रमाणे पुढे-मागे होत असते. हिवाळ्यात ते काही किलोमीटर पुढे येते, उन्हाळ्याकडे तुटून मागे जाते. मार्चमधले आणि ऑगस्टमधले छायाचित्र शेजारी ठेवले, तर कोणत्याही वर्षी हिमनदी ‘आटलेली’च दिसेल. मे महिन्यात घडलेली एक घटना, ती कितीही प्रचंड असो, एकटी तापमानवाढीबद्दल काहीच सांगू शकत नाही.

थोडे गणितही करून पाहू. ७.४ घन किलोमीटर बर्फाचे वजन सुमारे ६.८ अब्ज टन भरते. कोयना धरणाचा जलाशय दोनदा भरून वर उरेल, एवढे हे पाणी. आता जगातल्या महासागरांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे समुद्राची पातळी सर्वत्र एक मिलिमीटर वाढायला सुमारे ३६० अब्ज टन पाणी लागते. ते सगळे बर्फ आधी जमिनीवर टेकलेले होते असे धरले, तरी समुद्राची पातळी वाढणार ती मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी. माणसाच्या केसाची जाडीही याहून जास्त असते.

मग ग्रीनलंडच्या बर्फाची काळजी कशाला? कारण प्रश्न एका दिवसाच्या खर्चाचा नाही, वर्षाच्या जमाखर्चाचा आहे. हिमवर्षाव ही जमा. पृष्ठभागावरून वितळून वाहून जाणारे पाणी आणि तुटून जाणारे हिमनग हा खर्च. या दोन्ही बाजू जुळत असतील, तर कितीही कडे कोसळले तरी हिमचादर तेवढीच राहते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत ग्रीनलंडच्या वहीत दर वर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टनांची तूट आली. चित्रपटात दिसते तशा चाळीस घटनांइतके बर्फ दर साल, आणि तेही नेहमीचा खर्च वजा जमा करून उरलेली तूट म्हणून! यामुळे समुद्र दर वर्षी पाऊण मिलिमीटरच्या आसपास वर येतो. ही तूट मात्र पडद्यावर दाखवता येत नाही. तिला आवाज नाही, कडाडणे नाही.

कंटाळवाण्या छायाचित्रांचे मोल

चित्रपटात खरी साक्ष देतात ते खडकावर बसवलेले कॅमेरे. तासाला एक आणि दिवसाचे सरासरी बारा तास उजेडाचे धरले, तर एका कॅमेऱ्याची वर्षाला चार हजारांवर छायाचित्रे होतात. त्यातले कोणतेही एक उचलले तर भिंतीवर लावण्यासारखे नसते. पण ओळीने पडद्यावर पळवली की दगडासारखे निश्चल दिसणारे बर्फ नदीसारखे वाहताना दिसते आणि त्याचे तोंड वर्षागणिक मागे हटताना दिसते. अलास्कातील कोलंबिया हिमनदी तर एवढी मागे गेली की ती चौकटीत राहावी म्हणून कॅमेऱ्याचे तोंडच वळवावे लागले. जागा तीच, वेळ ठरलेली, आणि वर्षांमागून वर्षे : या तीन अटी पाळल्यामुळे छायाचित्राची नोंद होते. मार्चची तुलना मार्चशी करता येते.

तरीही इथे एक मेख आहे. कोलंबिया हिमनदीचे तोंड १९८० च्या सुमारापर्यंत समुद्रतळावरच्या दगडमातीच्या बांधाला टेकून स्थिर होते. तो आधार सुटल्यावर ती खोल पाण्यात सापडली आणि झपाट्याने मागे हटू लागली. तापमानवाढीने तिला पहिला धक्का दिला असणे शक्य आहे. पण त्यानंतरची घसरगुंडी बरीचशी समुद्रतळाच्या आकारामुळे झाली, असे तिचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे ‘बर्फ मागे हटले’ ही साक्ष खरी. पण ‘का हटले’ याचे उत्तर छायाचित्रात नाही. चित्रपट या दोन वाक्यांमधले अंतर फार घाईने ओलांडतो.

त्याला याची अजिबात जाणीव नाही असेही नाही. ‘काही हिमनद्या वाढताहेत त्याचे काय?’ हा नेहमीचा आक्षेप तो घेतो आणि कॅनडातील युकॉन प्रदेशाची आकडेवारी पुढे ठेवतो. १९५८ साली तिथे १४०० हिमनद्या होत्या. २००८ पर्यंत त्यातल्या चार वाढल्या, तीनशेहून अधिक नाहीशा झाल्या आणि उरलेल्या बहुतेक सगळ्या आक्रसल्या. माझ्या मते चित्रपटातले हे सर्वांत भक्कम अर्धे मिनिट आहे. एक हिमनदी आपल्या स्थानिक कारणांनी वागू शकते. चौदाशेंचा कल एकाच दिशेला असेल तर कारणही सर्वांना सामाईक असले पाहिजे. पण हा मुद्दा अर्ध्या मिनिटात संपतो, आणि कोसळणाऱ्या कड्यांना कितीतरी अधिक वेळ मिळतो.

कॅमेऱ्याला न दिसणारे

सेर्मेक कुयाल्लेक एकाएकी एवढी का धावू लागली? याचे उत्तर पाण्याखाली आहे. १९९७ च्या सुमारास ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल पाण्यात अटलांटिककडून उबदार पाणी शिरले. हिमनदीच्या पुढे कित्येक किलोमीटर लांब असा बर्फाचा तरंगता पट्टा होता. तो खालून वितळून २००३ पर्यंत मोडून गेला आणि मागच्या बर्फाला मिळणारा अटकाव संपला. हे कळले कसे? मासळीच्या साठ्याचा अंदाज घेण्यासाठी दर वर्षी समुद्रतळाशी जाळी ओढून सर्वेक्षण होत असे आणि त्याबरोबर पाण्याचे तापमानही नोंदले जात असे. हिमनदीचा विचार मनात नसताना ठेवलेली ही नोंद दहा वर्षांनी हिमनदीच्या कामी आली.

चित्रपट सांगतो की गेल्या शतकात ही हिमनदी शंभर वर्षांत आठ मैल मागे गेली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांतच नऊ मैल. हे वाक्य जोरदार आहे. पण त्यातली शंभर वर्षे कोणी मोजली? या हिमनदीच्या तोंडाच्या जागेच्या नोंदी १८५१ पासूनच्या आहेत. त्या कॅमेऱ्याने नव्हे, जागेवर जाऊन नकाशे करणाऱ्या माणसांनी ठेवल्या. त्या नसत्या तर २००८ चे चित्रीकरण नुसता तमाशा ठरले असते. चित्रपट या माणसांकडे वळत नाही. बेलॉग यांचे दुखावलेले गुडघे, त्यांच्यावरच्या शस्त्रक्रिया आणि त्यांची जिद्द यांना मात्र त्यात भरपूर जागा आहे. एका नायकाभोवती कथा गुंफली की प्रेक्षक बांधला जातो, हे मान्य. पण विज्ञान एका नायकाचे असते असा मुलांचा समज त्यामुळे पक्का होतो. ग्रीनलंडमध्ये सुमारे सत्तावन्न हजार माणसे राहतात, त्याच समुद्रावर मासेमारी करतात, तीही पडद्यावर जवळजवळ येत नाहीत. बर्फाला सर्वांत जवळून पाहणाऱ्यांचीच साक्ष घ्यायची राहून गेली आहे.

साक्ष उलटते तेव्हा

हे सगळे एवढ्या बारकाईने कशासाठी, असे कोणी म्हणेल. हेतू चांगला आहे, मुलांच्या मनावर परिणाम होतो आहे, मग दृश्य कोणते याने काय बिघडते? बिघडते ते असे.

२०१६ नंतर त्या किनाऱ्यालगतचे खोल पाणी पुन्हा थंड झाले. उत्तर अटलांटिकमध्ये असे नैसर्गिक चढउतार होतच असतात. परिणामी, चित्रपटाची नायिका म्हणावी अशी ही हिमनदी मंदावली, जाड होऊ लागली आणि तिचे तोंड पुढे सरकले. २०१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा ‘बर्फ तर वाढते आहे!’ असे म्हणायला अनेकांना निमित्त मिळाले. कोसळणारा कडा पाहून ज्याचे मत बनले, त्याचे मत पुढे सरकणारा कडा पाहून बदलणारच. दृश्याने कमावलेला विश्वास दृश्यानेच गमावतो.

गंमत अशी की त्याच २०१९ साली संपूर्ण ग्रीनलंडने पाचशे अब्ज टनांहून अधिक, म्हणजे तोपर्यंतच्या नोंदींतले सर्वाधिक बर्फ गमावले. ते ज्याने मोजले त्याने एकही छायाचित्र काढले नव्हते. ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी २००२ ते २०१७ या काळात एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटर अंतरावर फिरत होती. २०१८ पासून तिची जागा नव्या जोडीने घेतली. खाली वस्तुमान जास्त असेल तर पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जातो आणि दोघांतले अंतर बदलते. हा अतिसूक्ष्म बदल मोजून बर्फाचे वजन काढले जाते. म्हणजे इथे हिमचादर ‘पाहिली’ जात नाही, तागडीत घातली जाते. ज्या मुलाला जमाखर्च आणि वजन समजले आहे, त्याला एका हिमनदीच्या पुढे सरकण्याने गोंधळायला होणार नाही. ‘ही एक नोंद झाली, बाकीच्यांचे काय?’ असे तो विचारील. एवढा प्रश्न विचारायला शिकवणे हेच आपले काम आहे.

वर्गात दाखवताना

हा चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. वर काढलेल्या उणिवा त्याला बाजूला सारण्यासाठी नाहीत. उलट त्यांच्यामुळेच तो शिकवण्याचे चांगले साधन ठरतो. फक्त तो दाखवून ‘आता पटले ना?’ असे विचारून घंटा वाजेपर्यंत गप्प बसू नये.

दाखवण्याआधी एक सोपा प्रयोग करावा. दोन सारख्या काचेच्या भांड्यांत थोडे थोडे पाणी घ्यावे. एकात बर्फाचे खडे तरंगत सोडावेत. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढील असा दगड ठेवून त्यावर तेवढेच खडे ठेवावेत. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. बर्फ वितळल्यावर पहिल्या भांड्यातली पातळी तेवढीच राहते, दुसऱ्यातली वाढते. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर तरंगणारे बर्फ आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरचे बर्फ यांतला फरक मुलांना इथेच कळतो. पण तरंगते बर्फ वितळले तर काही बिघडत नाही, असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नये. पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परत पाठवते, काळसर पाणी तो शोषून घेते. त्यामुळे समुद्र आणखी तापतो. हा चित्रपट आला त्याच २०१२ च्या सप्टेंबरात आर्क्टिक समुद्रावरील बर्फाचे क्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले. उपग्रहांच्या नोंदींतला हा नीचांक २०२५ पर्यंत तरी मोडलेला नाही. त्यावरूनही ‘दर वर्षी नवा नीचांक’ अशी अपेक्षा न धरता अनेक वर्षांचा कल का पाहायचा, हे सांगता येईल.

कडा कोसळण्याच्या दृश्यानंतर चित्रपट थांबवून वर दिलेले समुद्रपातळीचे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे. नववी-दहावीच्या मुलांना ते सहज जमते. अंगावर काटा आणणाऱ्या दृश्याचे उत्तर ‘मिलिमीटरचा पन्नासावा भाग’ असे येते तेव्हा वर्गात जी कुजबुज सुरू होते, तीच चर्चेची सुरुवात समजावी. मग वर्षाची तूट मांडावी, वीस वर्षांची मांडावी.

शेवटी मुलांना विचारावे, हे मोजायला उपग्रहच लागतो का? हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर भारतीय संशोधक २००२ पासून बर्फात बांबूच्या काठ्या रोवून हंगामाअखेर त्या किती उघड्या पडल्या ते मोजत आले आहेत. काठी रोवायची, मोजायची, वहीत लिहायचे, आणि पुढच्या वर्षी परत तिथेच जायचे. शाळेच्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला मोजून लिहून ठेवणे हे याच जातीचे काम आहे. एका वर्षाची वही फारसे काही सांगणार नाही. पण दहावीची तुकडी ती वही आठवीच्या तुकडीकडे सोपवू लागली, तर काही वर्षांनी त्या शाळेकडे एक खरी नोंद असेल, आणि ती कशी वाचायची हे कळणारी मुलेही असतील.